वस्त्र आणि भूमिहक्क : युटोपियातील आदिवासी स्त्रियांची बाटिककला

आदिवासी स्त्रियांच्या वस्त्रनिर्मितीची गणना बहुधा 'हस्तव्यवसाय' या सदरात केली जाते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील युटोपियाचा इतिहास या वर्गीकरणाची मर्यादा स्पष्ट करतो.

१९७७ मध्ये प्रौढशिक्षण वर्गांतून तेथील अनमाट्येर व अल्यावार स्त्रियांना ठशांची छपाई व बाटिक यांचा परिचय झाला. वितळलेल्या मेणाने आकृती रेखाटून कापड रंगात बुडविण्याचे आणि शेवटी मेण काढण्याचे हे तंत्र बाहेरून आलेले होते. आशय मात्र त्यांचा स्वतःचा होता. 'अवेल्ये' या स्त्रियांच्या विधीत छाती व खांद्यांवर रंगविल्या जाणाऱ्या रेषा, तसेच रानातील वनस्पतींच्या आकृती कपड्यांवर व रेशमावर उमटू लागल्या. या आकृती विशिष्ट भूमीशी आणि तिच्या वारशाने आलेल्या जबाबदारीशी निगडित आहेत.

१९७६ च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याखाली युटोपियाचा दावा सुनावणीस आला, तेव्हा स्त्रियांनी अवेल्येद्वारेच भूमीशी असलेले आपले नाते सिद्ध केले. दावा मान्य झाला.

१९८८ मध्ये या स्त्रियांच्या ८८ रेशमी बाटिकांचा संग्रह साकारला. त्याच सुमारास त्या कॅनव्हासकडे वळल्या आणि त्यांच्यापैकी एमिली कामे उंग्वारे (निधन १९९६) जगप्रसिद्ध झाल्या. कलासमीक्षेने बाटिकला या चित्रकलेची केवळ पूर्वतयारी मानले. परंतु भूमीची ही साक्ष कॅनव्हासपूर्वीच वस्त्रावर नोंदली गेली होती. म्हणूनच अशा वस्त्रांचा अभ्यास ऐतिहासिक साधने म्हणून होणे आवश्यक आहे.