दाढीच्या डब्यातली फणी

दिवाळीआधी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा पणजोबांपासूनचा नेम. यंदा त्यात एक निमित्त वाढले. थोरल्या चिरंजीवांना मिसरूड फुटले आहे आणि सणाआधी पहिली दाढी करण्याचा त्यांचा बेत आहे. म्हटले, पोराला घराण्याचा वारसा तरी दाखवावा. म्हणून माळ्यावरचा पत्र्याचा जुना डबा खाली काढला आणि ओसरीवर वडिलांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

डब्यात तीन पिढ्या नांदत होत्या. पणजोबांचा विलायती वस्तरा, पात्यावर पुसट झालेले शेफील्डचे नाव. तो परजण्याचा चामड्याचा पलाणा, वाळून पापडासारखा झालेला. आजोबांचे तीन तुकड्यांचे रेझर, केस झडलेला ब्रश, पितळी वाटी, तुरटीचा खडा. वडिलांच्या ‘सेव्हन ओ’क्लॉक’ पात्यांची रिकामी वेष्टने. आणि सगळ्यांच्या तळाशी एक लाकडी फणी. दाढी करायला फणी कशाला लागते, हे काही मला उमगेना.

मी शाळामास्तर. वस्तू हातात आली की तिचा धडा केल्यावाचून राहवत नाही. मुलाला सांगू लागलो, पूर्वी स्वतःची दाढी स्वतः करण्याची रीतच नव्हती. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोकटी मारून तो ठरल्या वारी ओसरीवर यायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी आणि आरसा. वर्षाच्या शेवटी त्याला भाताचे बलुते मिळायचे. एकादशीला, अमावास्येला हजामत नाही, आणि झाल्यावर अंघोळ केल्याखेरीज घरात शिवाशीव नाही. ज्याच्या हाती आपला गळा निर्धास्तपणे द्यायचा, त्याचाच हात लागला म्हणून अंघोळ करायची, हा आपला न्याय!

आमच्या पणजोबांनी ही रीत मोडली ती हौसेपोटी. पनवेल तेव्हा नांदते बंदर. खाडीतून मुंबईला मचवे जात-येत. अशाच एका खेपेला त्यांनी मुंबईहून हा वस्तरा आणला. रोज सकाळी पलाण्यावर त्याचा सपसप आवाज झाला की घर जागे होई.

आजोबांच्या रेझरची कथा सातासमुद्रांपलीकडची. जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९०३ साली बदलत्या पात्याची रेझरे विकायला काढली. पहिल्या वर्षी खपली अवघी ५१ रेझरे आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना ही रेझरे दिली आणि स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच ते शिपाई घरी परतले. मग ती सवय जगभर पसरली. आमच्या ओसरीवर आजोबा रेझर वापरू लागले तरी पणजोबांनी मात्र वस्तरा सोडला नाही.

“सोडला,” वडील मध्येच म्हणाले. “एका दिवसात सोडला.” आणि त्यांनी डब्यातून फणी उचलली.

पणजोबांना एक थोरली बहीण होती. सारे घर तिला आत्या म्हणे. आठव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी कपाळ पांढरे, आणि सोळाव्या वर्षी, म्हणजे १९०९ च्या सुमारास, केशवपन. तेव्हापासून लाल आलवण आणि मागची खोली. दर महिन्याला न्हावी मागल्या दाराने येई. तो पुढच्या दाराने आला की घरात आरसा निघे, मागच्या दाराने आला की दार लोटून घेतले जाई.

मी वर्गात सुधारणांचा इतिहास शिकवतो. केशवपनावर आगरकरांनी ‘सुधारका’त कोरडे ओढले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणुकी’तून येऊ लागली. १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. ही सगळी सालावळ मला तोंडपाठ. पण ती पाठ म्हणताना आमच्याच घरातली मागची खोली मला कधी दिसली नव्हती. आमचे पनवेल तसे सुधारलेले. १८५२ सालीच इथे नगरपालिका झाली. तरीही त्या संपानंतर एकोणीस वर्षांनी आमच्या घरात हे घडले, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे घडत राहिले.

वडील नऊ वर्षांचे होते तेव्हाची, १९५७ ची गोष्ट. म्हातारा न्हावी वारला. त्याचा मुलगा पुढच्या दाराशी उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “आपली सगळ्यांची करीन काका, पण आत्यांची नाही करणार. माझा हात धजत नाही.” पणजोबा संतापले. त्यांनी वस्तरा घेतला, पलाण्यावर परजला आणि मागच्या खोलीत गेले. आत्या सवयीने मान खाली घालून बसली. बारा वर्षांचे असताना त्यांनी हीच मान अशीच खाली गेलेली पाहिली होती. वडील दाराच्या फटीतून बघत होते. पणजोबा बराच वेळ नुसते उभे राहिले. मग वस्तरा मिटून बाहेर आले.

तो वस्तरा पुन्हा कधी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी ते नव्या न्हाव्यापुढे दाढीला बसले. पुढे काही महिन्यांनी बाजारातून त्यांनी ही फणी आणली, आणि काही न बोलता आत्याच्या उंबऱ्याशी ठेवली. चौसष्टाव्या वर्षी तिला केस आले. पांढरेशुभ्र, जेमतेम खांद्यापर्यंत. वडील सांगत होते, “ती फणी फिरवायची कमी आणि हाताने केस चाचपायची जास्त.” ती गेली तेव्हा पणजोबांनी फणी उचलून आपल्या डब्यात टाकली.

मुंबई ते पनवेल खाडीची वाट ती किती? भरती साधली की मचवा पोचे. विलायती वस्तरा त्या वाटेने आला. पण १८९० चा तो नकार आमच्या ओसरीवर पोचायला सदुसष्ट वर्षे लागली. आणि तो आणला कोणी? माझ्यासारख्या पुस्तके वाचणाऱ्याने नव्हे. ज्याला आम्ही अंघोळीआधी शिवून घेत नव्हतो, त्याने.

चिरंजीव इतका वेळ गप्प होते. शेवटी त्याने आजोबांचे रेझर उचलले, राखेने घासून लखलखीत केले. वस्तरा होता तसाच मिटून ठेवला. फणी मात्र त्याने धुतली, पुसली आणि देवघराच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

वडील काही बोलले नाहीत. मीही नाही.