कासव, नाम आणि क्रियापद : सीमोर पॅपर्ट यांच्याविषयी

सीमोर पॅपर्ट यांचे 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. शिक्षणात संगणक कसा यावा, याविषयीच्या चर्चेत ते आजही आधाराला घेतले जाते. पण त्याची प्रस्तावना मात्र सरळसरळ आत्मचरित्राची आहे. दोन वर्षांचे होण्याआधीच आपल्याला मोटारींचे वेड लागले होते, असे पॅपर्ट तिथे सांगतात. पुढे दातेरी चाके हातात आली, त्यांतही डिफरन्शियल गिअर. शाळेत पाढे शिकताना त्यांच्या डोळ्यांपुढे ही चाके फिरत आणि दोन अव्यक्तांचे समीकरण समोर आले की डिफरन्शियल आठवे. एखादा शिक्षणतज्ज्ञ यावरून काय निष्कर्ष काढील? सर्व मुलांना दातेरी चाकांचे संच वाटा! पॅपर्ट हा मोह आधीच खोडून काढतात. आपण त्या चाकांच्या प्रेमात पडलो होतो, आणि प्रेम संचात घालून वाटता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकाने प्रेमापासून सुरुवात करावी, हे साहित्याच्या वाचकाला विशेष वाटावे.

पॅपर्ट यांचा जन्म १९२८ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात झाला. तरुणपणी ते वर्णभेदविरोधी चळवळीत होते. पुढे लंडनमध्ये समाजवादी वर्तुळात वावरले. गणितात दोन डॉक्टरेट मिळवल्यावर १९५८ ते १९६३ ही वर्षे त्यांनी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्या सहवासात काढली. मूल हे रिकामे भांडे नसून आपले ज्ञान ते स्वतः रचते, हा पियाजेंचा विचार त्यांनी तिथून उचलला. नंतर एमआयटीत मार्विन मिन्स्की यांच्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम केले. यंत्राला विचार करायला कसे शिकवावे आणि मूल विचार करायला कसे शिकते, हे दोन प्रश्न त्यांच्यापुरते फारसे वेगळे नव्हते. १९६७ साली वॅली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. लोगोची ओळख ठरलेले कासव नंतर आले : प्रथम जमिनीवर फिरणारे खरेखुरे यंत्र, मग पडद्यावरचा छोटा त्रिकोण. 'पुढे शंभर, उजवीकडे नव्वद' अशी आज्ञा दिली की ते रेघ ओढत चाले. वर्तुळ कसे काढायचे हे मुलाला कळेना, तर त्याने स्वतःच कासव व्हावे : जरासे पुढे, जरासे वळण, पुन्हा तेच.

पण माझ्या मते पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचे पात्र कासव नव्हे, जेनी नावाची तेरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या वर्गात संगणकाकडून कविता करवून घेण्याचा प्रयोग चालला होता. शब्दांच्या याद्या द्यायच्या, वाक्याचा साचा द्यायचा, आणि यंत्राने हाताला येईल तो शब्द त्यात बसवायचा. काही दिवसांनी जेनी उत्तेजित होऊन सांगत आली की भाषेत नामे आणि क्रियापदे कशासाठी असतात, हे आपल्याला आता समजले. वर्षानुवर्षे व्याकरणाच्या तासाला हे प्रकार तिला शिकवले जात होते. त्यांचा उपयोग काय, हे तिला कधीच दिसले नव्हते. यंत्राकडून धड वाक्य हवे असेल तर याद्या वेगळ्या कराव्याच लागतात, हे कळल्यावर ते दिसले.

हाच प्रयोग मराठीत केला तर काय होईल, असा विचार मी अनेकदा केला आहे. नामांची एकच यादी पुरणार नाही. 'वेडी कासव धावला' असे काहीतरी बाहेर पडेल आणि मुलाला यादीचे लिंगानुसार तीन भाग करावे लागतील, मग वचनानुसार आणखी. खरी गंमत त्यापुढे. 'मुलीने आंबा खाल्ला' आणि 'मुलाने चिंच खाल्ली' ही वाक्ये यंत्राकडून बिनचूक काढायची, तर येथे क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते, हे त्या मुलाला स्वतः शोधावे लागेल. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकून कंटाळलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला धडा मला सुचत नाही. तो धडा आपल्याकडे कुणी घेतल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मी पाहिले ते निराळेच. एका शाळेच्या खालच्या इयत्तेच्या संगणकाच्या पुस्तकात 'लोगो'वर एक प्रकरण होते आणि त्याखाली स्वाध्याय : रिकाम्या जागा भरा, जोड्या जुळवा, आज्ञांची पूर्ण रूपे लिहा. मुलांनी ती पाठ केली होती. कासव मात्र फारसे कुणी चालवले नव्हते. संगणकाने मुलाला चालवायचे की मुलाने संगणकाला, हा पॅपर्ट यांचा मूळ प्रश्न; परीक्षेने तो परस्पर निकालात काढला होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत सर्वतोमुखी झाला, तेव्हा त्याच्याही व्याख्या पाठ करून घेतल्याच गेल्या.

पॅपर्ट यांच्या बाजूनेही सर्व काही निर्दोष नव्हते. लोगो शिकल्याने मुलांची नियोजनशक्ती सर्वसाधारणपणे वाढते काय, हे १९८० च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी तपासले. अपेक्षित परिणाम त्यांना आढळला नाही. लोगोला औषधाच्या मात्रेसारखे मोजणे हीच चूक आहे, असे उत्तर पॅपर्ट यांनी १९८७ साली दिले : परिणाम घडवते ती संस्कृती, एकटे यंत्र नव्हे. उत्तर तत्त्वतः मला पटते. पण 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' ही २००५ साली निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जाहीर केलेली योजना पॅपर्ट यांच्याच विचारांवर उभी होती, आणि तिची जाहिरात झाली ती शंभर डॉलरच्या यंत्राची. म्हणजे पुन्हा संचवाटपच. २००६ साली भारत सरकारने तिच्यात सहभागी व्हायला नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत तिचा लहानसा प्रयोग झाला. मोठ्या प्रमाणावर ती राबवली गेली पेरूमध्ये. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या चाचण्यांतील गुण वाढल्याचे दिसले नाही, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

त्या वादात पॅपर्ट बोलू शकत नव्हते. डिसेंबर २००६ मध्ये गणितशिक्षणाच्या परिषदेसाठी ते हनोईला गेले होते. तेथील बेशिस्त भासणाऱ्या रहदारीचे गणिती प्रारूप कसे करता येईल, याविषयी सहकाऱ्याशी बोलत असताना रस्ता ओलांडताना त्यांना मोटारसायकलची धडक बसली. मेंदूला जबर इजा झाली, बरेच दिवस शुद्ध नव्हती. मुले कशी शिकतात यावर आयुष्यभर विचार केलेल्या या माणसाला नंतर मेन राज्यातील आपल्या घरी बोलणे पुन्हा शिकावे लागले. ३१ जुलै २०१६ रोजी ब्लू हिल या गावी त्यांचे निधन झाले.