शिराळ्याचा नाग आणि आपण पाहुणे

परवा नातीचा बंगळूरहून फोन आला. "आजी, पुढच्या नागपंचमीला मी येते. आपण शिराळ्याला जाऊ. मला जिवंत नाग बघायचेत." शिराळ्याची वर्णनं तिने लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकलेली, तेव्हा दोष माझाच. हो म्हणाले खरी, पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या माधवनगरहून शिराळा फार लांब नाही. सांगली, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), पेठ नाका की आलंच. पूर्ण नाव बत्तीस शिराळा. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पण जगाला हे गाव ठाऊक झालं ते नागपंचमीमुळे.

कथा अशी सांगतात. गोरक्षनाथ महाजनांच्या दारात भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला बाहेर यायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायची चाल पडली.

या कथेत तिघंच आहेत. दारी आलेला अतिथी, घरची बाई आणि नाग. बघे कुणीच नाहीत. बघे नंतर आले.

आता हा सण मुळात काय आहे ते बघा. आमच्याकडे त्या दिवशी विळी-सुरी हातात घ्यायची नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, तळायचं नाही. पुरणाचे दिंड करायचे तेही वाफवून. शेतकरी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. का, तर भुईत राहणाऱ्या त्या जिवाला चुकूनही इजा होऊ नये. वर्षभर पिकातले उंदीर खाऊन जो आपलं धान्य राखतो, त्याला एक दिवस निवांत ठेवायचं. एवढा समजूतदार सण दुसरा नसेल.

शिराळ्यात मात्र गावाबाहेरची गर्दी वाढत गेली तसं पूजेचं रूप बदललं. पंचमीच्या आधीचे काही आठवडे तरुण मुलं शेतं आणि बांध धुंडाळून नाग पकडायची, मडक्यात ठेवायची. पंचमीला अंबामातेच्या देवळात दर्शन, मग मिरवणूक. मंडळं झाली, ट्रॅक्टर सजले, सर्वांत लांब नाग कुणाचा, सर्वांत उंच फणा कुणाच्या नागाचा अशा स्पर्धा लागल्या. नागाबरोबर धामणी आणि घोरपडीही आल्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं हे चालूच होतं. नंतर सगळे नाग जिथून आणले तिथेच सोडतो, असं गावकरी सांगत. ते मनापासून सांगत, याबद्दल मला शंका नाही.

मीही गेले होते. १९८० नंतरची गोष्ट. पुण्याहून वन्सं आणि त्यांची मुलं आली होती, त्यांना काहीतरी 'दाखवायचं' होतं. गर्दीत एकाने भाच्याच्या गळ्यात नाग घालून फोटो काढू दिला. मी दहा रुपये दिले. तो नाग अगदी गळून गेलेला होता, मान उचलत नव्हता. भाचा म्हणाला, "मामी, हा डोलत का नाही?" मी विज्ञानही शिकवत असे. नाग डोलत नाही, समोरच्या हालचालीला घाबरून फणा काढतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण तेवढंही मी त्याला सांगितलं नाही. फोटो अजून अल्बममध्ये आहे.

पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१४ साली कायद्याची कडक अंमलबजावणी झाली आणि जिवंत नागांची मिरवणूक थांबली. गाव नाराज झालं. मातीच्या नागाची, प्रतिमेची पूजा सुरू झाली. म्हणजे गोरक्षनाथ यायच्या आधी ती बाई जे करत होती तेच!

माझी एक विद्यार्थिनी शिराळ्यात दिलेली आहे. तिला म्हटलं, बरं झालं की गं बंद झालं. ती पटकन म्हणाली, "बाई, तुम्ही लोक बघायला यायचा म्हणून आमची पोरं मोठा नाग हुडकायची. बंदी आली ती आमच्यावर. तुमच्यावर काय आलं?" मला उत्तर देता आलं नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात कासचं पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं आणि फुलं बघायला एवढी माणसं लोटली की फुलंच पायाखाली जाऊ लागली. तिथे वनखात्याने आणि आसपासच्या गावांच्या समितीने तिकीट ठेवलं, आधी नोंदणी, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा. गावातलीच मुलं वाट दाखवतात, गाड्यांची व्यवस्था बघतात. तिथेही कुरबुरी आहेतच. पण कासला बंधन पाहुण्यावर आलं आणि यजमानाला काम मिळालं. शिराळ्यात बंधन एकट्या यजमानावर आलं. पाहुणा दुसरीकडे मजा बघायला निघून गेला.

२०२५ साली केंद्राने शिराळ्यातल्या २१ जणांना पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणासाठी नाग पकडण्याची परवानगी दिली. मिरवणूक, खेळ, स्पर्धा नाही ही अट. गावाला आनंद झाला. नागाला काय वाटलं, कुणास ठाऊक. त्या अटी टिकतील की नाही हे मात्र त्या एकवीस जणांच्या हातात नाही, असं मला वाटतं. ते आपल्या हातात आहे. बघणाऱ्याने फोटोसाठी दहाची नोट काढली (आता पाचशेची असेल) की अट मोडलीच.

नातीला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, ये. शिराळ्याला जाऊ, मारुतीचं आणि अंबामातेचं दर्शन घेऊ, माझ्या विद्यार्थिनीकडे दिंड खाऊ. तिच्या सासूबाईंना जुन्या पंचमीची गाणी येतात, ती ऐकू. नाग दिसला नाही तरी चालेल ना?

ती जरा थांबली. मग म्हणाली, "पण आजी, तू तर बघितलायस."

हो बाळा, बघितलाय. तो अल्बम काढून ठेवलाय. आलीस की दाखवते, आणि भाच्याला जे सांगायचं राहिलं तेही सांगते.