सस्पेन्शन, कौटुंबिक मोटारीचे
मोटारीचा सांगाडा आणि चाके यांना जोडणारी यंत्रणा. स्प्रिंग वजन पेलते व धक्का झेलते. शॉकॲब्सॉर्बरमधील तेल बारीक झडपांतून जाताना हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. लहान मोटारींत पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांची एकत्रित जोडणी असते. भारतात गॅब्रिएल कंपनी 1961 पासून या क्षेत्रात आहे.

सस्पेन्शनचा कस रस्त्यावर लागतो. उदाहरणार्थ, दूधगंगेकाठच्या सदलगा परिसरात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे रस्त्याला लाटा येतात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडा खचतात. निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्ग 48 लागताच मात्र वेगात स्थैर्य हवे असते. खराब रस्त्यावर धक्के झेलणे आणि वेगात स्थिर राहणे, एकाच गाडीला दोन्ही साधावे लागते.

तपासणी : गाडीचा कोपरा दाबून सोडावा, ती एकदा उसळून थांबली तर शॉकॲब्सॉर्बर बहुधा ठीक, डुलत राहिली तर थकलेला. त्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलावाच.

सुधारणा : आधी टायरची हवा, मग झिजलेले रबरी बुश, लोअर आर्म व लिंक रॉड पाहावेत, बराचसा खडखडाट तिथेच असतो. शॉकॲब्सॉर्बर डावे-उजवे जोडीनेच बदलावेत आणि नंतर व्हील अलाइनमेंट करावी. कडक, आखूड स्प्रिंगने वळणावरचा झोल कमी होतो, पण गतिरोधकावर गाडीचे पोट घासते आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांची कंबर धरते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून मूळ मापाचे, दर्जेदार भाग हाच कुटुंबासाठी उत्तम मार्ग.