कडेवर, झोळीत, छातीशी : तान्ह्या मुलाला वागविण्याच्या रीतीचा इतिहास

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती पांचिकाशेजारी बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर मूल आहे. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात सप्तमातृका ओळीने आसनस्थ आहेत आणि त्यांच्याहीपाशी मुले आहेत. जनाबाईच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात विठ्ठल संतमेळ्यातील लेकरांना घेऊन निघतो, तेव्हा कोणी त्याच्या खांद्यावर, कोणी मांडीवर, कोणी कडेवर, तर कोणी करंगळी धरून असतो. मूल सांभाळण्याच्या मराठी घरातील इतक्या रीती क्वचितच दुसऱ्या एखाद्या रचनेत एकत्र आल्या असतील. परंतु शिल्पात काय आणि या अभंगात काय, एक वस्तू कोठेच आढळत नाही, आणि ती म्हणजे मुलाला अंगाशी बांधण्याचे कापड. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. शिल्पकारांनी घडविली ती बसलेली, निवांत, पूज्य माता होती. कापडाची गरज होती ती दिवसभर पायांवर उभ्या असलेल्या, दोन्ही हात कामात गुंतलेल्या स्त्रीला, आणि तिच्या दिनक्रमाची नोंद ना बखरकारांनी घेतली, ना सरकारी दप्तराने. शिवाय ते कापडही टिकाऊ नव्हे. जुने लुगडे फाटले की त्याचा धडपा झोळीला, झोळी विरली की तिची दुपटी आणि दुपटी विरली की फडकी, असा त्याचा प्रवास. पुराणवस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगे त्यातून काही उरतच नाही.

म्हणूनच या रीतीचा इतिहास वस्तूंवरून न शोधता श्रमाच्या वाटणीवरून शोधावा लागतो. ज्या घरांत बाळंतिणीला विसावा देण्याची ऐपत होती, त्या घरांत नवजात अर्भकाला उचलून हिंडण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. पाचवी-सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे, सव्वा महिन्यापर्यंत खोलीबाहेर न पडणे, शेक-शेगडी, तेलपाणी, पाळणा आणि त्याची दोरी हलविणारी आजी किंवा आत्या, अशी ती सारी व्यवस्था होती. आणि मूल मान धरू लागले, पाठीत ताठ झाले, की मगच ते कडेवर येई. याउलट ज्या घरांत हातावर पोट होते, तेथे आई लवकरच निंदणी-खुरपणीला, मोळी आणावयाला किंवा बाजाराच्या वाटेला लागे आणि मूल तिच्यासोबत निघे. लुगड्याचा धडपा एका खांद्यावरून घेऊन दुसऱ्या काखेखालून गाठ मारावयाची आणि मुलाला पाठीशी किंवा कुशीला बसवावयाचे; शेतावर पोहोचल्यावर तेच कापड सोडून बाभळीच्या अगर लिंबाच्या फांदीला बांधावयाचे, की झाली झोळी. वाटेवर वाहन आणि बांधावर पाळणा, अशी दोन्ही कामे एकाच कापडाने भागत. डोंगरकपारीतील वारली, भिल्ल, कातकरी स्त्रियांत काय, किंवा आजही ऊसतोडीच्या टोळ्यांत आणि इमारतींच्या बांधकामांवर काय, ही रीत पाहावयास मिळते.

महाराष्ट्राच्या दृष्टीसमोर पाठीशी बांधलेल्या मुलाचे जे चित्र सर्वांत ठळकपणे उभे आहे ते झाशीच्या राणीचे. घोड्यावर आरूढ, हाती तलवार, पाठीशी दामोदरराव, हे रूप तैलचित्रांनी, पुतळ्यांनी आणि शालेय पुस्तकांनी घरोघर पोहोचविले. इतिहासाच्या हिशेबाने पाहता १८५३ साली दत्तविधान झाले तेव्हाच दामोदरराव पाचएक वर्षांचा होता, म्हणजे १८५८ साली राणीने झाशीचा किल्ला सोडला तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असला पाहिजे. चित्रांत दिसते तसे ते तान्हे मूल नव्हते. तथापि चित्रकारांनी त्याला लहान केले, हे मला अर्थपूर्ण वाटते. मूल पाठीशी असूनही दोन्ही हात मोकळे असलेली, किंबहुना मूल पाठीशी आहे म्हणूनच अधिक निर्धाराने पुढे जाणारी स्त्री त्यांना दाखवावयाची होती; आणि अशी स्त्री त्यांनी राजवाड्यांत नव्हे, तर शेताच्या आणि बाजाराच्या वाटेवरच पाहिलेली असणार. राणीच्या गौरवचित्रात या भूमीच्या कष्टकरी बाईची रीत अशा प्रकारे नकळत स्थान मिळवून बसली आहे.

ही रीत खंडित झाली ती मुंबईत. १८५० नंतरच्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागाचे गिरणगाव झाले. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे चाळींच्या एकेका खोलीत राहू लागली आणि त्यांतील कित्येक बायका सूत गुंडाळण्याच्या खात्यांत कामाला जाऊ लागल्या. शेताच्या बांधावर बाभूळ होती, तिच्यावर झोळी टांगता येत होती आणि दोन ओळी खुरपून झाल्या की मुलाला पाजताही येत होते. गिरणीत फिरते पट्टे होते, हवेत कापसाचे तंतू होते, दमट उष्मा होता आणि डोक्यावर मुकादम होता. तेथे पाठीशी मूल बांधून उभे राहणे अशक्य होते, आणि खाडा करावा तर रोज बुडत होता. मग मूल चाळीत राही, शेजारणीपाशी किंवा एखाद्या म्हातारीपाशी, आणि ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला बाळगोळी दिली जाई. या बाळगोळीत अफू असे.

मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडे सोपविली होती. तिचा अहवाल १९२२ साली मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात नमूद केलेला आकडा आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो : कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जात होती. हा दोष त्या मातांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या स्त्रीच्या आईने तिला उन्हातान्हात पाठीशी बांधून वाढविले होते, त्याच स्त्रीवर आपल्या मुलाला गुंगीत ठेवून कामावर जाण्याची पाळी आली, ती वात्सल्य आटले म्हणून नव्हे. तिचे श्रम विकत घेताना तिच्या मुलाला जागा देण्याची जबाबदारी मालकाने स्वीकारली नाही आणि सरकारने ती त्याच्यावर टाकली नाही, हे त्याचे खरे कारण होय.

पुढे कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला, परंतु तो फार सावकाश. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूतीसाहाय्याच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना असे प्रतिपादन केले की, मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिचा भार बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. १९३४ च्या फॅक्टरी ॲक्टाने मोठ्या संख्येने स्त्रिया कामावर असतील तेथे मुलांसाठी खोली ठेवण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली, आणि १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ही मर्यादा तीसांवर आणण्यात आली. बांधकामांवरील मजूर स्त्रियांची मुले मात्र या तरतुदीबाहेरच राहिली. त्यांच्यासाठी १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी फिरत्या पाळणाघरांचे कार्य आरंभिले आणि ते काही वर्षांतच मुंबईतही आले.

इकडे हे चालले असता सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनातून अंगाशी मूल बांधण्याची रीत जवळजवळ पुसली गेली. चार चाकांची बाबागाडी प्रतिष्ठेची ठरली आणि झोळी दारिद्र्याची खूण बनली. ती या वर्गाकडे परतली ती पश्चिमेची वाट चालून. १९६० नंतरच्या दशकात टोगो या आफ्रिकी देशात सेवाकार्यासाठी गेलेल्या ॲन मूर या अमेरिकन परिचारिकेने तेथील स्त्रियांच्या पाठीशी निश्चिंत झोपलेली मुले पाहिली, मायदेशी परतल्यावर आपल्या आईकडून तसे साधन शिवून घेतले आणि १९६९ साली त्याचे पेटंट मिळविले. ‘स्नगली’ या नावाने ते विकले जाऊ लागले. १९७२ साली जर्मनीत एरिका हॉफमन या जुळ्यांच्या आईने लॅटिन अमेरिकेतील रिवाजाचा आधार घेऊन विणलेली लांब कापडे तयार करविली आणि त्यांचा व्यवसाय उभारला. आज पुण्यामुंबईच्या दुकानांत मिळणारी बकलांची व पट्ट्यांची साधने याच परंपरेतील होत.

या रीतीला वैद्यकशास्त्राची मान्यता मिळाली ती मात्र दारिद्र्याच्या पोटीच. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची मुले उबवणपेट्यांच्या अभावी एकाच पेटीत दोघे-तिघे ठेवावी लागत आणि एकमेकांच्या संसर्गाने दगावत. त्यांनी ती मुले आईच्या उघड्या छातीशी, उभी, कापडाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. ही ‘कांगारू’ पद्धत पुढे मुंबईत आली, आणि तीही परळच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे पूर्वीच्या गिरणगावाच्या ऐन मध्यभागी. तेथील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाची २०६ अर्भके होती. आईच्या छातीशी ठेवलेल्या मुलांचे वजन दररोज सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, तर नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांचे सुमारे १६ ग्रॅमने. २०२१ साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः एक किलो ते १.७९९ किलो वजन असलेल्या मुलांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ज्या वस्तीत एकेकाळी अफू देऊन मुलाला आईविना निजविले जात होते, त्याच वस्तीत आईचे शरीर हेच औषध होय असा दाखला मिळावा, याहून मोठा न्याय या इतिहासात मला दिसत नाही.

परंतु जुन्या रीतीचा अभिमान बाळगताना तिच्यातील धोक्यांकडे डोळेझाक करता कामा नये. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने इशारा दिला की, मागील वीस वर्षांत झोळीवजा साधनांत किमान चौदा अर्भकांचा मृत्यू झाला होता आणि त्यांतील बारा चार महिन्यांहून लहान होती. कारणे दोन आढळली : कापडाने नाक-तोंड झाकले जाणे, आणि पाठ वाकून हनुवटी छातीत रुतल्यामुळे श्वासमार्ग दबणे. नवजात अर्भकाला मान उचलून स्वतःची सुटका करून घेता येत नाही, आणि त्याचा श्वास कोंडतो तो आवाज न करता. हे दूषण खोलगट पिशवीसारख्या विलायती साधनास जितके लागू आहे, तितकेच आपल्या झाडाला टांगलेल्या खोल झोळीसही. दुसरा धोका खुब्याचा. जपानात तान्ह्या मुलांचे पाय सरळ ताणून लपेटण्याची चाल होती. १९७५ च्या सुमारास ती सोडण्याचा प्रचार सुरू झाल्यावर, खुब्याचा सांधा निखळलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा १.१ ते ३.५ होते ते ०.२ च्याही खाली आले. कडेवर फाकलेल्या पायांनी बसणारे मूल या बाबतीत सुरक्षित असते, आणि आपल्या आज्यांची ती सवय शास्त्राला धरून होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा नवजात मुलासाठी साधन निवडणाऱ्याने दुकानदाराच्या वर्णनापेक्षा या अनुभवाकडे पाहावे. मूल आडवे किंवा गुंडाळीसारखे न पडता उभे, छातीशी घट्ट आणि आपल्याकडे तोंड करून बसले पाहिजे. त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि मान किंचित वाकविताच त्याच्या माथ्याचा पापा घेता आला पाहिजे. हनुवटी व छाती यांत दोन बोटे मावतील इतके अंतर राहिले पाहिजे. मानेला व पाठीला आधार असून गुडघे बसकेच्या वर आणि मांड्या फाकलेल्या असल्या पाहिजेत, म्हणजेच बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचेल इतकी रुंद हवी. पहिल्या काही आठवड्यांना लांब, मऊ, सुती कापड किंवा कडी लावलेली झोळी बरी, कारण ती मुलाच्या अंगाबेताने आवळता येते. बकलाचे साधन घ्यावयाचे तर त्यावर लिहिलेली किमान वजनाची मर्यादा आपल्या मुलाने गाठली आहे की नाही हे पाहावे. पाठीशी बांधणे मान पक्की झाल्यावरच. आपल्या हवेत जाड अस्तराचे कापड टाळावे, मुलाला आतून पुन्हा लोकरीचे कपडे घालू नयेत, आणि चुलीपाशी किंवा दुचाकीवर मूल असे बांधून कधीही नेऊ नये. मूल अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सर्दीने श्वास अडलेले असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एवढी काळजी घेतली, तर महागडे साधन आणि आजीचे धुतलेले सुती लुगडे यांत मुलाच्या दृष्टीने काहीही भेद नाही. आणि आईइतकाच बापानेही ते आपल्या अंगावर बांधावे, कारण छातीची ऊब दोघांपाशी सारखीच असते. मात्र ज्या वाचकांच्या हाती कारखाना आहे, ठेकेदारी आहे किंवा ऊसतोडीची टोळी आहे, त्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्या कामावर येणारी बाई मूल पाठीशी बांधून येते ती हौसेने नव्हे, दुसरी सोय नाही म्हणून. तिच्यासाठी सावलीची एक खोली, पिण्याचे पाणी, सांभाळणारी एक बाई आणि मुलाला पाजण्यासाठी पगार न कापता दोन वेळा सुट्टी, एवढा बंदोबस्त कायद्याचा बडगा येण्याची वाट न पाहता करा.