मार्को पोलोचे सात भाग आणि सर्वसेनाचे एक काव्य

१९६३ हे साल आमच्या टिपणवहीत दोन परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या नोंदींसाठी आहे. त्या वर्षी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादिलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’ या मालेत पाचवा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि आमचे वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ज्यांची राजधानी होती त्या घराण्याचा इतिहास एका ठिकाणी सुसंगतपणे वाचता येऊ लागला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, शनिवारी सायंकाळी, लंडनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित केला. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती. लोकांचे लक्ष भलतीकडे असणार हे ओळखून पुढच्या शनिवारी तो भाग दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवावा लागला. या दोन नोंदी आमच्या मनात एकत्र का आल्या, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘डॉक्टर हू’ म्हटले की आज बहुतेकांना डालेक नावाचे कर्कश यंत्रदैत्य आठवतात. पण मालिकेची मूळ कल्पना तशी नव्हती. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख, कॅनडाहून आलेले सिडनी न्यूमन यांना शनिवारच्या संध्याकाळी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे असे काही हवे होते, आणि डोळे वटारणारे राक्षस तर मुळीच नको होते. म्हणून नायकाबरोबर, म्हणजे विल्यम हार्टनेलने उभ्या केलेल्या त्या चिडक्या, लहरी म्हाताऱ्याबरोबर, त्याची नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक पाठवले गेले. इयान चेस्टरटन विज्ञान शिकवतो. बार्बरा राइट इतिहास शिकवते. कालयंत्र भविष्यात गेले की इयानचा तास, भूतकाळात गेले की बार्बराचा. शाळेचे वेळापत्रकच जणू कथानकात घातलेले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट जेमतेम अठ्ठाविशीची, आणि बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची एकमेव स्त्री निर्माती. दिग्दर्शक वारिस हुसेन तर चोविशीतला तरुण. त्याचा जन्म १९३८ चा, लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (१९६१) ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन या त्याच्या आई. फाळणीच्या सुमारास इंग्लंडमध्ये राहिलेल्या या कुटुंबाचे मागे सुटलेले लखनौ त्या कादंबरीत आहे. परतीचा रस्ता बंद झालेल्या घरातला हा मुलगा, आपल्या काळात परत जाता न येणाऱ्या प्रवाशांची गोष्ट उभी करीत होता. या योगायोगावर फार भार टाकू नये हे आम्हांस समजते. तरी तो नोंदविल्यावाचून राहवत नाही.

पहिले पर्व १२ सप्टेंबर १९६४ पर्यंत चालले: आठ कथा, बेचाळीस भाग, प्रत्येक भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा, सगळे कृष्णधवल. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू व्हायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. वाशीम हे तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. म्हणजे हे पर्व पाहिल्याची आठवण आमच्याकडच्या कोणाला असणे शक्यच नाही. आम्ही जे काही सांगतो आहोत ते उशिरा आणि आडवाटेने मिळालेले आहे.

आठ कथांपैकी तीन सरळसरळ ऐतिहासिक आहेत. अश्मयुगात घडणारी पहिली कथाही त्यांत धरली तर चार. या साऱ्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ‘मार्को पोलो’. जॉन लुकारोटी याने लिहिलेली, २२ फेब्रुवारी ते ४ एप्रिल १९६४ या काळात सात शनिवार चाललेली. कालयंत्र १२८९ साली पामीरच्या पठारावर बिघडून पडते. कुब्लाईखानाच्या चाकरीत अडकलेल्या मार्कोला व्हेनिसला परतायचे आहे, पण खान निरोप देत नाही. तेव्हा ही उडणारी पेटी खानाला नजर करून त्या बदल्यात सुटका मागावी, असा बेत तो करतो आणि पेटीची किल्ली काढून घेतो. पुढचे सहा भाग हा तांडा लोपच्या वाळवंटातून, गोबीतून, शांग-तूवरून पेकिंगला जातो. राक्षस नाहीत, किरणांच्या बंदुका नाहीत. मार्को रोजनिशी वाचतो आणि पडद्यावर नकाशावरची रेघ पुढे सरकते. पामीरच्या उंचीवर सूप नीट तापत नाही याचे कारण मार्को थंडीत शोधतो, इयान विरळ हवेत. वाळवंटात पाणी संपते तेव्हा ते मिळते कालयंत्राच्या आतल्या भिंतींवर रात्रीच्या गारव्याने साठलेल्या थेंबांतून. पिंग-चो नावाची सोळा वर्षांची मुलगी पंचाहत्तरीच्या सरदाराशी लग्न लावण्यासाठी नेली जात असते; तो सरदार चिरतारुण्यासाठी पारा आणि गंधक यांचे रसायन पिऊन लग्नाआधीच मरतो. डॉक्टर आणि कुब्लाईखान यांची गाठ पडते तेव्हा दोघेही सांधेदुखीने कण्हत असतात आणि दोघांचे सूत जमते. पुढे सोंगट्यांच्या खेळात डॉक्टर स्वतःचे कालयंत्र पणाला लावून हरतो. द्यूताची ही तऱ्हा मराठी वाचकाला काही नवी नाही!

दोष सांगायचे तर चीन आणि मंगोल दरबारातली बहुतेक माणसे युरोपीय नटांनी चेहरे रंगवून उभी केली आहेत. पिंग-चो झालेली, ब्रह्मदेशात जन्मलेली झिनिया मर्टन हा त्यातला अपवाद. आज ते खटकते आणि खटकायलाच हवे. पण ज्या वेळी विलायती मनोरंजनात पूर्वेकडचा माणूस एक तर हास्यास्पद किंवा कारस्थानी असे, त्या वेळी हा कुब्लाईखान थकलेला, विनोदबुद्धी असलेला, बायकोचा धाक बाळगणारा गृहस्थ म्हणून रंगतो, हेही खरे.

तिसऱ्या भागात तांडा तुन-हुआंगला येतो आणि ‘पाचशे डोळ्यांची गुंफा’ दिसते. तुन-हुआंगच्या बौद्ध लेण्यांचा आरंभ परंपरेप्रमाणे इ. स. ३६६ चा मानतात. त्याच अर्धशतकात केव्हातरी वत्सगुल्मचा दुसरा विंध्यशक्ती राज्य करीत होता, आणि त्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नामक सचिवाने पुढे, पाचव्या शतकाच्या अखेरीस, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. एकाच धर्माच्या वाटेवरची ही दोन लेणी. लंडनच्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या गुंफेत घडलेला तो प्रसंग आम्हांस वाशीमला घेऊन आला तो असा. (याच मार्को पोलोच्या ग्रंथात आपल्या ठाण्याचाही उल्लेख आहे, पण ते विषयांतर होईल.)

या पर्वाचा एक कडक नियम होता: प्रवाशांनी इतिहास पाहावा, त्यात सापडावे, जीव वाचवावा, पण तो बदलू नये, किंबहुना बदलू म्हटले तरी बदलत नाही. हा नियम सर्वांत धारदार होतो तो लुकारोटीच्याच ‘द ॲझ्टेक्स’ या चार भागांच्या कथेत. बार्बराला लोक एका मृत धर्माधिकाऱ्याचा अवतार समजतात. हाती आलेल्या सत्तेने नरबळी थांबवावेत आणि स्पॅनिश येण्याआधी ही संस्कृती वाचवावी, असे तिला वाटते. इतिहासातली एक ओळसुद्धा फिरवता यायची नाही, असे डॉक्टर तिला बजावतो. शेवटी सूर्यग्रहणात बळी पडतोच. नरबळीचा पुरस्कर्ता जिंकतो आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा एकटा सज्जन आपली श्रद्धा गमावून रानात निघून जातो. मुलांच्या म्हणविल्या जाणाऱ्या मालिकेत असा शेवट करायला धैर्य लागते. मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकरांचे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवेल. तेथे विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्याच फाट्याने जातो. बार्बराला जे नाकारले गेले ते गंगाधरपंतांना मिळाले, पण तेही डोळ्यांनी पाहण्यापुरतेच. त्यांनाही परत याच जगात यावे लागले.

बार्बराचा तास फार काळ टिकला नाही. डालेकांनी प्रेक्षक खेचले आणि १९६७ च्या आरंभी संपलेल्या ‘द हायलँडर्स’नंतर निव्वळ ऐतिहासिक कथा जवळजवळ बंदच झाल्या. पण आमचा खरा विषय त्यानंतर घडलेल्या गोष्टीचा आहे.

इतिहासाची एक ओळ पुसता येत नाही, असे ज्या संस्थेच्या पडद्यावर सांगितले गेले, त्याच संस्थेने ‘मार्को पोलो’चे सातही भाग पुसून टाकले. चित्रफिती महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणाला मर्यादा होत्या. आणि जतन करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७८ पर्यंत हे चालू राहिले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, कोठारात जागा करण्याचा शहाणपणा होता. परदेशांना विकलेल्या प्रतींमुळे काही परत मिळाले. या पर्वातल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या कथेचे काही भाग सायप्रसहून आले, तरी तिचा चौथा आणि पाचवा भाग नाहीच. ‘मार्को पोलो’चा एकही नाही.

आता १९३९ कडे वळू. त्या वर्षी वाशीममध्ये ताम्रपट उजेडात आले. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी ते प्रथम प्रसिद्ध केले. मिराशींनी त्यांचा पुढे कसून अभ्यास केला. दुसऱ्या विंध्यशक्तीने राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्महून दिलेले हे दानपत्र. दान आहे ते नांदीकट, म्हणजे नांदेडकडच्या एका गावाचे. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. त्याआधी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख वाचला गेला होता. पण तो झिजलेला, आणि त्यातली नावे चुकीची लावली गेली होती. ताम्रपटांमुळे कळले की पहिल्या प्रवरसेनाला सर्वसेन नावाचा मुलगा होता, आणि त्याने वत्सगुल्मला वेगळी शाखा स्थापली. दीड हजार वर्षे एक अख्खे राजघराणे दुसऱ्या घराण्याच्या पोटात हरवलेले होते.

हा सर्वसेन कवीही होता. ‘हरिविजय’ हे त्याचे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य, पारिजातहरणाच्या कथेवरचे. वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणत, म्हणजे वत्सगुल्मी. हा मान ज्या गावाला, त्या गावाच्या राजाचे काव्य आज उपलब्ध नाही. ते शिल्लक आहे ते आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र या साहित्यशास्त्रज्ञांनी आपापल्या ग्रंथांत घेतलेल्या उल्लेखांत आणि अवतरणांत. त्यांना ते जतन करायचे नव्हते, आपला मुद्दा सिद्ध करायचा होता. जमिनीचा कागद तांब्यावर कोरला गेला आणि टिकला, पारिजात गेला.

बीबीसीतही असेच झाले. कागद राहिले; ‘मार्को पोलो’च्या संहिता आहेत. चित्र गेले. आणि आवाज राहिला तो संस्थेमुळे नव्हे. १९६४ च्या त्या शनिवारी इंग्लंडमधल्या काही घरांत पोरांनी दूरचित्रवाणीसंचासमोर टेपरेकॉर्डर धरून सगळे भाग मुद्रित करून ठेवले होते. घरी मालिका पुन्हा पाहता येईल अशी तेव्हा सोयच नव्हती; पुन्हा ऐकता यावे एवढीच त्यांची हाव. त्या मुद्रणांच्या आधारे २००३ साली बीबीसीनेच ही कथा सीडीवर आणली; जेथे नुसते हालचालींचे दृश्य आहे तेथे इयान झालेल्या विल्यम रसेलचे निवेदन जोडले. आम्ही ‘मार्को पोलो’ जाणतो तो हा, कानांनी. मूळ मार्कोचे तरी काय झाले? जेनोआच्या तुरुंगात त्याने सांगितले, रुस्तिकेल्लोने लिहून घेतले, ते पहिले हस्तलिखित नाहीसे झाले आणि मागे राहिल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या शेकडाभर नकला.

चित्राचाही एक अंश मिळाला आहे. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार प्रक्षेपण चालू असताना पडद्याचीच स्थिरचित्रे टिपत आणि ती दिग्दर्शकांना, नटांना विकत. आपले काम पुन्हा पाहण्याचा त्यांच्यापुढे तेवढाच मार्ग होता. वारिस हुसेन यांनी ‘मार्को पोलो’ची अशी चित्रे विकत घेऊन घरी सांभाळली होती, पुष्कळ वर्षांनी ती बाहेर आली. त्यांत सहा भागांची चित्रे आहेत. चौथ्या भागाचे दिग्दर्शन त्यांनी केले नव्हते, ते जॉन क्रॉकेट यांचे. साहजिकच त्याची चित्रे त्यांच्याकडे असण्याचे कारण नव्हते. सीडीवर तिसरा भाग संपून चौथा सुरू होतो, तेव्हा आवाज तसाच चालू राहतो, मार्को रोजनिशी वाचतो, उंट पुढे जातात. फक्त तेवढी पंचवीस मिनिटे कोणाचा चेहरा कसा होता ते आपण ठरवायचे.