पकडीचा हिशेब

मंडळी, आज जरा खेळाविषयी. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या फुटबॉलविषयी तो फोनवर भरभरून बोलतो. हे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे नव्हे. त्यात चेंडू फेकणारा एक मुख्य गडी असतो, आणि त्याने फेकायच्या आत समोरच्या फळीतून घुसून त्याला आडवे करायचे, याला 'सॅक' म्हणतात. दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाला अर्धा-अर्धा सॅक. म्हणून तिथल्या विक्रमांत साडेबावीस असे आकडे दिसतात!

ऐकता ऐकता मला आपली कबड्डी आठवली. म्हणजे आपली पकडच की ही! फरक इतकाच, की तिथे पकडणारा घुसतो आणि आपल्याकडे चढाई करणारा स्वतःहून सापळ्यात येतो.

गंमत अशी, की सॅक हा शब्द लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने साठच्या दशकात रूढ केला, पण त्याची खेळाडूनिहाय अधिकृत मोजणी सुरू झाली 1982 साली. जोन्स 1974 मध्येच निवृत्त झालेला. म्हणजे ज्याने नाव दिले, त्याच्या खात्यावर अधिकृत सॅक शून्य! पुढे काही चिकाट्या संशोधकांनी जुन्या सामन्यांची टिपणे चाळून 1960 पासूनचा हिशेब लावला आणि तो 2021 मध्ये लोकांपुढे आला. त्यात डेट्रॉइटच्या अल बेकरचे 1978 च्या एका हंगामातले 23 सॅक निघाले. अधिकृत पुस्तकात मात्र मायकेल स्ट्रेहानचे 2001 मधले साडेबावीस, 2021 मध्ये टी. जे. वॉटने केलेली बरोबरी आणि 2025 च्या हंगामात माइल्स गॅरेटचे 23. बेकर त्या पुस्तकात नाहीच.

आता आपल्याकडे बघा. आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. शंकरराव साळवी, म्हणजे सर्वांचे बुवा साळवी, यांनी आयुष्य या खेळाला वाहिले. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्ण जिंकले. इतका मोठा इतिहास. पण त्या काळात कुणी किती पकडी केल्या, हे विचाराल तर उत्तर मिळणे कठीण.

आमच्या भागात सुगी आटोपली की गावोगावी रात्रीचे सामने व्हायचे. चुन्याच्या रेषा, बांबूला टांगलेले दिवे. टेबलावरचा गुणलेखक एकेक आकडा खोडत जायचा. संघाचे गुण कळायचे, पण घोटा कुणी धरला, पट कुणी काढला, ते लिहिलेले नसायचे. चढाई करणाऱ्या पोट्ट्याचे नाव गावभर व्हायचे. कोपऱ्यात वाकून उभा राहणारा मात्र दुसऱ्या दिवशी निमूट वावरात.

2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि पकडीला खाते मिळाले. एका सामन्यात पकडीचे पाच गुण झाले की 'हाय फाइव्ह'. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली की एक गुण जादा, ती अव्वल पकड. 2018 च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडीचे 100 गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला. इराणचा फजल अत्राचली 2015 मध्ये विजेत्या यू मुंबात होता. आज त्याचे पकडीचे गुण पाचशेच्या वर आहेत. त्याच्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले. त्याने त्या दहाव्या हंगामात 99 गुण केले आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली मार्च 2024 मध्ये पलटण पहिल्यांदा विजेती झाली. कोपऱ्यातल्या गड्याला कोटींत भाव! खात्याचा हा प्रताप.

अर्थात खात्यालाही मर्यादा आहेत. स्ट्रेहानच्या शेवटच्या सॅकच्या वेळी ब्रेट फार्व्ह मुद्दाम पडला, असे लोक अजून म्हणतात. आपल्याकडे घोटा एक जण धरतो, पण बाकीचे झडप घालून चढाईवाल्याला मध्यरेषेपासून रोखतात, आणि गुण बहुधा एकाच्याच नावावर लागतो. इथे अर्ध्या गुणाची सोय नाही. शिवाय ज्याच्या धाकाने चढाईवाला त्या कोपऱ्याकडे फिरकतच नाही, त्याच्या धाकाचा गुण कुठे लिहायचा?

तरीही मला वाटते, अपुरे का होईना, लिहिलेले बरे. चाळीस वर्षे इतिहास शिकवताना मी मुलांना हेच सांगत आलो, की ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास उरत नाही. बेकरला निदान चाळीस वर्षांनी हिशेबनीस भेटले, कारण जुनी टिपणे कुणीतरी जपली होती. आमच्या गावच्या सामन्यांचे कागद त्याच रात्री शेकोटीत गेले.

तेव्हा नातेवाईक मंडळी आणि ब्लॉगवाले मित्रहो, एक विनंती. तुमच्या गावात एखादा जुना पकडीवाला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कोणता सामना, कोणते साल, कुणाला धरले, हे विचारून लिहून ठेवा. आकडे पक्के नसतील, पण नाव तर राहील. आणि लिहिलेत की मलाही कळवा.